कळ थांबली पण थंडी वाजतेय – मुतखडा, वडील, वय ५८

शेवगा (शनिवार, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी, विभाग चुकला असेल तर धागा हलवा. आमचे दादा (म्हणजे वडील, आम्ही दादाच म्हणतो), वय ५८, शुगरची गोळी पाच-सहा वर्षांपासून चालू, गाव अंबड तालुक्यात. जानेवारीत कंबर दुखते म्हणून सोनोग्राफी केली तेव्हा उजव्या किडनीत ८ एमएमचा खडा निघाला होता, डॉक्टर म्हणाले पाणी भरपूर प्या आणि परत दाखवा, ते परत दाखवायचं राहिलं ते राहिलंच. मंगळवारी दुपारी रानातून आले आणि उजव्या कुशीत अशी कळ उठली की खाटेवर पडवेना, ओट्यावर बसवेना, अंगणात नुसत्या येरझाऱ्या, मधेच भिंतीला डोकं टेकून उभे राहायचे, दोनदा उलटी झाली. आयुष्यात त्यांना 'आई गं' म्हणताना ऐकलं नव्हतं ते त्या दिवशी ऐकलं. गावातल्या डॉक्टरांनी कमरेत इंजेक्शन दिलं, तासाभरात शांत. बुधवारी परत तेच, गुरुवारी परत. तीन दिवसांत चार इंजेक्शनं झाली.

शुक्रवार सकाळपासून कळ एकदम बंद. आम्ही म्हटलं सुटलो, पडला खडा. आईने देवापुढे साखर ठेवली. पण आज दिवसभर जेवले नाहीत, अंग मोडून आलंय म्हणतात, संध्याकाळपासून गोधडी घेऊन पडलेत. सोनोग्राफी सोमवारी आहे. खडा पडला की नाही हे कसं ओळखायचं? आणि सोमवारपर्यंत कुळीथ वगैरे काय द्यावं? आई विचारतेय.

कुळीथप्रेमी (११:३४)

आमच्याकडे कोकणात मुतखड्याचं नाव काढलं की आजी कुळथाचं कढण चुलीवर ठेवायची. रात्री कुळीथ भिजत घालायचे, सकाळी उकळून फक्त पाणी प्यायला द्यायचं, मीठ नाही. माझ्या मामाचा ४ एमएमचा त्याच्यावरच पडला. शहाळं पण चालेल. शुगर आहे तर शहाळं जरा बेताने.

तर्रीबाज (११:४१)

पानफुटीची दोन पानं रोज उपाशीपोटी, आमच्या नागपुरात हर घरी कुंडी आहे भाऊ. बाकी माझा साला तर बिअरवरच पाडून राहिला दरवर्षी, त्याले तर बहाणाच पाहिजे होता. खडा पडला तर समजतेच, भांड्यात टुणकन आवाज येते.

रातपाळी (११:५२)

शेवगा, कुळीथ-बिळीथ जरा बाजूला ठेवा. तीन गोष्टी लगेच सांगा. मे महिन्यात जालना जिल्ह्यात माणूस गोधडी घेऊन का झोपलाय? ताप मोजला का? आणि शेवटची लघवी कधी झाली, किती, रंग कसा? मी ड्युटीवर आहे, पण मधे मधे बघतेय. तेवढं लगेच लिहा.

शेवगा (रविवार, १२:०३)

थर्मामीटर शोधायला वेळ लागला. १०१.८ आहे. आई म्हणते मघाशी नऊच्या सुमारास हुडहुडी भरली होती, दात वाजत होते, खाट हलत होती अक्षरशः, दहा-पंधरा मिनिटं, मग घाम आला आणि झोपले. लघवी दुपारी दोनला एकदा झाली, थोडीशीच, गढूळ होती आणि वास मारत होती. त्यानंतर नाही. आत्ता उठवलं तर बोलले, पण जरा बरळल्यासारखं, मला विचारतात मोटार बंद केली का. आई म्हणते ऊन लागलं असेल. क्रोसिन देऊन झोपवतो, सकाळी बघू का?

रातपाळी (१२:०५)

नाही. झोपवू नका, सकाळची वाट बघू नका, आत्ता गाडी काढा.

किडनीत खडा आहे हे माहीत आहे, वरून थंडी वाजून ताप आला आणि लघवी कमी झाली तर तो खडा किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या नळीत अडकलाय आणि त्याच्या मागे तुंबलेल्या लघवीत इन्फेक्शन झालंय असंच धरून चालायचं, उलटं सिद्ध होईपर्यंत. शुगरवाल्या माणसात हे तासातासाने वाढतं, उद्या सकाळी बीपी सापडणार नाही अशी वेळ येऊ शकते. बरळतायत म्हणता, ते मला अजिबात आवडलेलं नाही.

जानेवारीचा सोनोग्राफीचा कागद आणि शुगरच्या गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या. जेवायला काही देऊ नका, रात्रीच भूल द्यावी लागू शकते, घोट-दोन घोट पाणी चालेल. दुखलं तरी घरातली कुठलीही पेनकिलर देऊ नका. जिथे लघवीच्या आजारांचा डॉक्टर म्हणजे युरोलॉजिस्ट रात्री येऊ शकतो तिथेच जा, निघतानाच फोन करून विचारा. गाडी नसेल तर १०८. आणि कॅज्युअल्टीत गेल्यावर कंबर दुखतेय पासून सुरुवात करू नका, पहिलं वाक्य हे बोला: 'किडनीत खडा आहे, शुगर आहे, आज थंडी वाजून ताप आलाय, दुपारपासून लघवी नाही.'

शेवगा (१२:११)

चुलतभाऊ गाडी काढतोय. जालन्याला निघतो.

तर्रीबाज (१२:१९)

भाऊ, ते बिअरचं वापस घेतो. सांभाळून जा बाप्पा.

एकच_किडनी (१२:४४)

झोप येत नाहीये आता मला, म्हणून लिहितो. माझी डावी किडनी जन्मतःच नाही, हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं, आणि कळलं ते असं की ६ एमएमचा खडा उजव्या नळीत बसला आणि लघवीच बंद झाली. कमी नाही, बंद. सकाळी आठ ते रात्री नऊ एक थेंब नाही. आणि गंमत म्हणजे लागलीही नाही. मी म्हणायचो तुंबली असती तर ओटीपोट फुगलं असतं, लागली असती, तसं काहीच नाही म्हणजे आज पाणी कमी प्यालो असेन. नंतर डॉक्टरांनी समजावलं की प्रोस्टेटवाल्यांची तुंबते तेव्हा लघवीची पिशवी भरलेली असते, जीव जातो पण होत नाही, आणि माझ्यासारख्याच्या पिशवीत काही उतरतच नाही, मग लागणार कशी. कॅथेटर, म्हणजे पिशवीत घालायची नळी, टाकला तर दोन चमचे निघाले. रात्रीच किडनी मोकळी करायला नळी टाकली म्हणून लिहायला शिल्लक आहे.

एकच किडनी असेल, एक आधीच कामातून गेली असेल, किंवा दोन्हीकडे खडे असतील तर लघवी थांबणे म्हणजे त्याच दिवशी पळायचं, ताप असो नसो.

गुळपोळी (१:०२)

बायकांसाठी एक सांगते कारण माझं दीड महिना चुकीचंच चाललं होतं. मला ती प्रसिद्ध गडाबडा लोळायची कळ आलीच नाही. मला काय व्हायचं तर दर वीस मिनिटांनी लघवीला लागायचं, गेलं की चार थेंब, शेवटी जळजळ, आणि वाटायचं अजून राहिलीच आहे. सगळ्यांनी एकच सांगितलं, उन्हाळी लागली, सब्जा घे, जिरं-धण्याचं पाणी घे. दोनदा गोळ्यांचा कोर्स झाला, तेवढ्यापुरतं बरं वाटून परत सुरू. तिसऱ्यांदा एक डॉक्टरीण भेटली तिने विचारलं की एका बाजूच्या पाठीत जड वाटतं का, तेव्हा आठवलं की हो, डावीकडे, पण मी ते शिवणाच्या मशीनवर वाकून बसण्याच्या खात्यावर टाकलं होतं. खडा नळीच्या अगदी शेवटी, पिशवीच्या तोंडाशी बसला होता, ५ एमएमचा. तिथे बसला की पिशवीलाच सारखी खाज सुटल्यासारखं होतं म्हणे. आणि वर किडनीला सूज आली होती.

परत परत उन्हाळी लागत असेल तर एक सोनोग्राफी करून घ्या बायांनो, एवढंच.

मस्कतमधला_मी (१:३०)

इथे साईटवर उन्हाळ्यात ही कळ म्हणजे आठवड्याची गोष्ट. पोरं ४५ डिग्रीत आठ तास उभी, आणि पाणी मुद्दाम कमी पितात कारण बाथरूम लांब आहे आणि सुपरवायझर घड्याळ बघतो. मला मागच्या वर्षी झालं तेव्हा कळ कुशीतून सुरू होऊन जांघेत आणि तिथून सरळ अंडाच्या गोटीत उतरली, लाज वाटून मी कोणाला नीट सांगितलंच नाही, पोट दुखतंय एवढंच म्हणत राहिलो. कंपाउंडर गॅसची गोळी देत राहिला. लाजू नका, जिथे दुखतंय ते नाव घेऊन सांगा.

खाष्ट_आजोबा (सकाळी ६:१०)

सकाळी उठून सगळं वाचलं. मुलाने दादांना नेलं ते उत्तम केलं. आता माझं ऐका, कारण मी उलट्या बाजूचा आहे. मला १९९८ साली दोन दिवस कळ आली, इंजेक्शन घेतलं, थांबली. ताप नाही, काही नाही. मीही पेढे वाटले. अकरा महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी सोनोग्राफी केली तर डावी किडनी पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी झालेली, आणि खडा नळीत तिथेच, मजेत. नंतर त्या आयसोटोपच्या स्कॅनमध्ये समजलं की त्या किडनीचं काम जवळजवळ शून्य. अकरा महिने मला काहीही दुखत नव्हतं. मी रोज पहाटे पाच किलोमीटर चालत होतो.

ओपीडी_नंबर_७ (सकाळी ७:२५)

रातपाळी ताईंनी बरोबर सांगितलं, मी फक्त कारण लिहितो. कारण 'कळ थांबली म्हणजे खडा पडला' हे मी आठवड्यातून चारदा ऐकतो.

किडनीतून पिशवीकडे येणारी नळी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि आतून तीन-चार एमएम रुंद. ती तीन ठिकाणी अजूनच अरुंद असते: किडनीतून निघते तिथे, ओटीपोटात मोठ्या रक्तवाहिन्यांवरून ओलांडते तिथे, आणि पिशवीत शिरते तिथे. खडा यापैकी कुठेतरी अडकतो. कळ खडा टोचल्याने येते असं लोकांना वाटतं, तसं फारसं नाही. पाटात आडवा दगड पडला की मागे पाणी चढतं ना, तशी लघवी मागे चढते, नळी आणि किडनी ताणली जाते, नळी जोर लावून दगड ढकलायला बघते. तो ताण म्हणजे कळ. म्हणून ती लाटेसारखी येते-जाते आणि माणूस एका जागी थांबूच शकत नाही. अपेंडिक्स फुटलेला किंवा पोटात पू झालेला माणूस हलत नाही, गप्प पडून राहतो, हात लावू देत नाही. मुतखड्याचा माणूस नाचतो. कॅज्युअल्टीच्या दारातूनच निम्मं कळतं.

आता पुढचं. पाट तुंबलेलाच राहिला तर काही तासांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, लघवी तयार होणंच मंदावतं, मागचं प्रेशर उतरतं. प्रेशर उतरलं की कळ उतरते. दगड तिथेच. आजोबांचं तेच झालं. म्हणून कळ गेली की लगेच सोनोग्राफी, आणि खडा हातात दिसला नसेल तर दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा. मधल्या भागातला खडा सोनोग्राफीत गॅसमुळे बरेचदा दिसत नाही, पण किडनीची सूज दिसते. रिपोर्टमध्ये 'हायड्रोनेफ्रोसिस' (म्हणजे तीच सूज) असा शब्द असेल आणि खाली 'खडा दिसला नाही' लिहिलेलं असेल तर आनंदाने घरी जायचं नाही, साधा सीटी करायचा, औषध न टोचता होतो तो. एक्स-रेवर भरवसा ठेवू नका, युरिक ॲसिडचे खडे त्यात दिसत नाहीत.

लघवीत रक्त नाही म्हणून खडा नाही असंही नाही. पूर्ण बंद झालेल्या बाजूकडून लघवी खाली येतच नसते, दुसरी किडनी स्वच्छ पाठवत असते, मग तपासणी नॉर्मल येते.

कळ चालू असताना तांब्या-तांब्या पाणी पाजणं बंद करा बरं का. अडलेल्या पाटात वरून पाणी सोडल्यासारखं आहे ते, खडा निघत नाही, उलट्या मात्र होतात. बिअरचंही तेच. ५ एमएमच्या आतले खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात, चार आठवड्यांपर्यंत वेळ घेतात, आणि ते पडले की श्रेय जे चालू असेल त्याला मिळतं. कुळीथवाल्यांनी रागवू नये, पिठलं मलाही आवडतं.

आणि सगळंच मुतखडा नसतं. साठीच्या पुढच्या पुरुषाला, विशेषतः बीपी-तंबाखूवाल्याला, आयुष्यात पहिल्यांदा अशी कळ आली तर पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलीय का हे आधी बघावं लागतं. पाळी चुकलेल्या बाईला ओटीपोटात कळ आली तर गर्भाशयाच्या नळीत अडकलेला गर्भ असू शकतो. आणि पोरगेल्या वयात अंडाला एकदम दुखायला लागलं तर पीळ पडलेला असू शकतो, तिथे सहा तासांच्या आत गेलं तर वाचतं, त्यामुळे लाजण्याबद्दल मस्कतकर म्हणाले ते अगदी खरं.

कुळीथप्रेमी (सकाळी ८:०५)

रागावले नाही. पण मामाचा पडलाच होता हो.

ओपीडी_नंबर_७ (८:०९)

४ एमएमचा होता म्हणालात ना. :)

गुळपोळी (दुपारी १:१५)

शेवगा कुठे आहेत? कोणाला काही कळलं का?

शेवगा (सोमवार, रात्री १०:४०)

उशीर झाला, माफ करा, फोन बंद होता आणि चार्जर गावी राहिला. दादा आयसीयूत आहेत पण शुद्धीवर आहेत, आज चहा मागितला.

सविस्तर लिहितो. जालन्याला एक वाजता पोचलो, जी पहिली जागा लागली तिथे गेलो, तिथल्या साहेबांनी बघितलं, म्हणाले व्हायरल वाटतंय, सलाईन लावतो, सकाळी सर येतील. मी रातपाळी ताईंचं वाक्य मोबाईलमधून वाचून दाखवलं. अक्षरशः वाचून. तेव्हा बीपी घेतलं त्यांनी, ८६ वर ५०. मग धावपळ. रक्त घेतलं, अँटिबायोटिक तिथेच सुरू केलं आणि अँब्युलन्सने छत्रपती संभाजीनगरला पाठवलं. सीटीत दिसलं की ९ एमएमचा खडा उजव्या नळीत वरच्या भागात बसलाय, किडनीला भरपूर सूज. पांढऱ्या पेशी २२ हजार, किडनी किती काम करते ते सांगणारं क्रिएटिनिन २.४, म्हणजे वाढलेलं.

पहाटे साडेचारला पाठीतून बारीक नळी टाकली, फक्त जागा बधिर करून. मी बाहेर होतो, नर्सने नंतर नळीला लावलेली पिशवी दाखवली. लघवी नव्हतीच ती. ताकासारखं पांढरट, घट्ट, वास तर असा की मी आजही जेवताना आठवलं तर हात थांबतो. डॉक्टर म्हणाले हे सगळं प्रेशरखाली किडनीत होतं आणि तिथून रक्तात जात होतं. काल दुपारी ताप उतरला. आज क्रिएटिनिन १.८.

शुक्रवारी आम्ही साखर वाटली होती. शनिवारी दिवसभर ते गोधडीखाली पडलेले असताना मी बाहेर ओट्यावर मॅच बघत होतो. हे मला लिहायचं होतं म्हणून लिहिलं.

रातपाळी (१०:५२)

पिशवीत किती जमतंय आणि रंग कसा ते रोज लिहून ठेवा, पिवळं आणि स्वच्छ व्हायला हवं. आणि ओट्यावरचं सोडून द्या, तुम्ही रात्री सव्वाबारा वाजता गाडी काढलीत. चहा मागितला ना, झालं तर मग.

एकच_किडनी (१०:५८)

वाचून हुश्श झालं. नळी झोपेत ओढली जाते, कपड्याला सेफ्टी पिन लावून ठेवा, पट्टीवर ताण नको.

शेवगा (मंगळवार, सकाळी ९:३०)

एक प्रश्न आहे आणि घरात त्यावरून भांडण चालू आहे. डॉक्टर म्हणतात खडा आत्ता काढणार नाही, दोन-तीन आठवड्यांनी. आमचे मोठे काका म्हणतात एवढे पैसे घेतले आणि खडा आतच, हे काय गौडबंगाल आहे, दुसरीकडे हलवू. खरंच असं करतात का? पैसे उकळायची पद्धत तर नाही ना?

ओपीडी_नंबर_७ (सकाळी १०:१५)

हलवू नका, बरोबर करतायत. इन्फेक्शन असताना दुर्बीण घालून खडा फोडायला गेलं तर आतलं सगळं जंतूचं पाणी प्रेशरने रक्तात ढकललं जातं, आणि दोन दिवसांपूर्वी बीपी ८६ असलेल्या माणसाला ते परवडणार नाही. आधी तुंबलेलं मोकळं करायचं, अँटिबायोटिक पूर्ण करायचं, कल्चरचा, म्हणजे कोणता जंतू आहे त्याचा, रिपोर्ट बघायचा, मग खडा. मोकळं करायचे दोन रस्ते, एक तुमच्यासारखी पाठीतून नळी, दुसरा आतून डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून पिशवीपर्यंत आत ठेवायची बारीक नळी. दोन्ही चालतात. काकांना सांगा, विहिरीत माणूस पडला तर आधी माणूस काढतात, गाळ नंतर.

खर्चाचं म्हणाल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रिया आहेत, हॉस्पिटल योजनेत असायला हवं एवढंच. पुढच्या ऑपरेशनच्या आधी विचारून ठेवा, नंतर नाही.

तर्रीबाज (१०:३१)

अन् स्टेंट टाकला तर तारीख लिहून ठेवजा भाऊ. आमच्या शेजारी एक जण स्टेंट टाकून घेऊन विसरला, दोन वर्षं! त्या स्टेंटवरच खडे जमले, मग काढायला तीन ऑपरेशनं. मी मजाक करतो नेहमी पण हे मजाक नाही.

गुळपोळी (११:०४)

हो, आणि स्टेंट असताना लघवी करताना पाठीत कळ जाते, लघवी गुलाबीसर येते, सारखी लागते, ते घाबरू नका, माझं महिनाभर तसंच होतं. पण ताप आला तर मात्र लगेच फोन.

शेवगा (तीन आठवड्यांनंतर, गुरुवार, रात्री ८:५०)

धागा वर काढतोय. सोमवारी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, लेझरने खडा फोडला, आत स्टेंट आहे, पाठीतली नळी काढली. कल्चरमध्ये ई. कोलाय नावाचा जंतू आला होता, त्याचा कोर्स आधीच पूर्ण केला होता. क्रिएटिनिन १.२. योजनेत बसलं, आरोग्यमित्र भला माणूस निघाला. स्टेंट काढायची तारीख १८ जून, ती कॅलेंडरवर आहे, माझ्या मोबाईलमध्ये आहे, चुलतभावाच्या मोबाईलमध्ये आहे आणि तर्रीबाज भाऊंच्या भीतीने दाराच्या मागे खडूनेही लिहिली आहे.

डॉक्टर म्हणाले पुढे कॅल्शियम बंद करायचं नाही, दूध-ताक चालू ठेवा, मीठ कमी करा, लोणचं-पापड तर फारच कमी, आणि दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी. किती प्यायलात ते विचारत नाहीत, किती झाली ते विचारतात. रानात जाताना दादा आता पाच लिटरचा कॅन नेतात आणि कुरकुरतात की दर तासाला बांधावर जावं लागतं.

आणि घरी पाठवताना सांगितलंय की फोडलेल्या खड्याचे तुकडे अजून पडतील, लघवी गाळून घ्या आणि तुकडे तपासायला आणा, म्हणजे खडा कशाचा आहे ते कळेल. गाळायला दुसरं काही सापडलं नाही म्हणून पहिल्या दिवशी दादांनी चहाची गाळणी उचलली. आईने जे काही सुनावलं ते आयसीयूतही ऐकलं नसेल त्यांनी.

रातपाळी (९:०२)

हाहा. मग सापडलं का काही?

शेवगा (९:१०)

तीन कण, बाजरीएवढे, तपकिरी. काडेपेटीत ठेवलेत. आईने बाजारातून नवी गाळणी आणली, आणि जुनीच्या दांड्याला लाल दोरा बांधून ती मोरीत खिळ्याला टांगून ठेवली आहे, चुकून चहाला जायला नको म्हणून. तरी दोन दिवस झाले, घरात चहा कोणी मागत नाहीये.